रेड क्लॉ खेकड्यांची टाकी : सात महिन्यांनंतर

"गोड्या पाण्यात मजेत राहतात, माशांबरोबर सोडा," असं सांगून दुकानदाराने जूनमध्ये पहिला रेड क्लॉ दिला. मी तो काठोकाठ भरलेल्या टाकीत सोडला. दिवसभर फिल्टरच्या टोकावर चढून बसायचा. मला ती खोडी वाटायची. पाचव्या आठवड्यात गेला. हा खेकडा खाडीकाठच्या खारफुटीतला. त्याला मचूळ, म्हणजे थोडं खारट पाणी लागतं आणि पाण्याबाहेर येऊन बसायला जागाही लागते, हे तो गेल्यावर कळलं. त्याची हळहळ अजून आहे, म्हणून सविस्तर लिहितेय.

आताची टाकी 2 फूट लांब, 1 फूट रुंद, 1 फूट उंच. पाणी मात्र पाचच इंच. एका बाजूला दगड रचून वाळूचा उतार केलाय. दगड थेट काचेवर बसवा, वाळू नंतर घाला; हे खेकडे उकरतात आणि वाळूवरचा दगड त्यांच्याच अंगावर येतो. पाणी साफ ठेवणारे जिवाणू वाढावेत म्हणून पाच आठवडे नुसता स्पंज फिल्टर चालवला, मग सप्टेंबरअखेर एक नर, दोन माद्या आणल्या. दोन नर एकत्र ठेवू नका, भांडतात.

मीठ मत्स्यालयाचंच, समुद्री. स्वयंपाकाच्या मिठात समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम नसतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवून लिटरला साधारण 10 ग्रॅम घालते, हायड्रोमीटर (पाण्याच्या घनतेवरून खारेपणा मोजायचं साधन) 1.006-1.007 दाखवतो. पाणी आटलं की भर मात्र गोड्या पाण्याची. मीठ उडून जात नाही, पाणीच उडतं. आपल्याकडच्या एप्रिलच्या कोरड्या हवेत रोज तांब्याभर लागतं.

थंडीत खरी परीक्षा झाली. जानेवारीत घरात पहाटे टाकी 19 अंशांवर आली आणि तिघं खाईनात. हीटर लावून 25-26 वर ठेवलं, दोन दिवसांत सुधारले. पाणी उथळ असल्यामुळे हीटर आडवा, पूर्ण बुडवून ठेवावा लागतो. पाणी बदलताना आधी त्याचं बटण बंद करा.

झाकणाबाबत हयगय नको. मोठी मादी हवेच्या नळीवरून चढून बाहेर पडली, सकाळी फ्रिजमागे सापडली, धुळीने माखलेली. वाचली. आता नळीच्या फटीतही स्पंज कोंबलाय. झाकणामुळे आत दमटपणा राहतो, कल्ले ओले राहतात.

डिसेंबरात नर मेला समजून मी रडले होते. ती त्याची कात होती! तो दगडाखाली मऊ अंगाने लपला होता. टाकलेलं कवच काढू नका, ते स्वतःच खातात, कॅल्शियमसाठी. खायला बुडणाऱ्या गोळ्या, उकडलेला पालक, धुतलेली सुकट. देशी बदामाची वाळलेली पानं सगळ्यात आवडीची. गल्लीतल्या झाडाखालची वेचून धुऊन घालते.

माशांची तांबंयुक्त औषधं या टाकीत कधीच घालू नका, खेकड्यांना ती विषारी. एअर पंपाची घरघर रात्री जाणवते, तो फोमवर ठेवल्यावर कमी झाली. दोन फूट तिघांना पुरतात, पण कोरडी जागा मी कमी ठेवली. मे महिन्यात दगड परत रचून ती अर्ध्या टाकीपर्यंत वाढवणार आहे.