कुंद्याचा डबा आणि व्हॅम्पायर: एका तर्कयंत्राचे परीक्षण

बेळगावचा कुंदा डब्यात, डबा पिशवीत, पिशवी बसमध्ये आणि बस निपाणीत उभी आहे. तर कुंदा कर्नाटकात आहे काय? मँचेस्टर विद्यापीठात विकसित झालेल्या ‘व्हॅम्पायर’ या मोफत सिद्धतायंत्राला (दिलेल्या नियमांवरून एखादे विधान तर्काने सिद्ध करणाऱ्या संगणक-प्रणालीला) मी घरच्या संगणकावर हाच प्रश्न घातला. सोबत ‘सुमो’ हा सामान्यज्ञानाचा विशाल संग्रह जोडला. त्यातील हजारो नियमांपैकी उत्तराला लागतात जेमतेम चार-पाच. बाकीचे निव्वळ गर्दी करतात.

या गर्दीवरचा ‘साइन’ हा नियम निवडण्याचा उपाय (तो मांडणारा निबंध २०११ चा) मला या यंत्राचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो. प्रश्नातील चिन्हांपासून (म्हणजे ‘डबा’, ‘निपाणी’ अशा शब्दांपासून) सुरुवात करून, ज्या नियमातील चिन्हांपैकी ते चिन्ह संग्रहात सर्वांत दुर्मीळ ठरते, तेवढाच नियम तो आत घेतो, त्यातील नवी चिन्हे धरून पुढे सरकतो आणि सर्वत्र आढळणाऱ्या शब्दांच्या मागे धावत नाही. मात्र निवड फार आखडती ठेवली, तर आवश्यक नियमही बाहेर राहू शकतो.

माझी फजिती माझ्याच चुकीने झाली. ‘वस्तू एका वेळी एकाच ठिकाणी असते’ असा नियम मी भाबडेपणाने लिहिला. निपाणी आणि कर्नाटक ही दोन ठिकाणे ठरून विसंगती उद्भवली, आणि विसंगतीतून काहीही सिद्ध होत असल्याने यंत्राने कुंदा पुण्यातही पोहोचवला! सिद्धतेची प्रत्येक पायरी छापून मिळते, म्हणूनच दोष सापडला. ‘बहुधा’, ‘सहसा’ अशा अपवादांच्या भाषेसाठी मात्र हे साधन सोयीचे नाही.