55 इंची मिनी एलईडी टीव्ही: पडदा उत्तम, बाकीचे पारखून घ्यावे

जुना टीव्ही बदलावा लागला तो चित्र बिघडले म्हणून नव्हे. पडद्याचे रंग अजून शाबूत होते. पण त्यातली अ‍ॅप्स एकेक करून अद्ययावत होणे बंद झाले होते आणि जी चालत होती ती उघडायलाही अंत पाहत होती. टीव्हीचा पडदा आणि त्यामागचा छोटा संगणक यांचे आयुष्य सारखे नसते, हे एकदा लक्षात आले की खरेदीची दृष्टीच बदलते. म्हणून नव्या संचाचे परीक्षण करतानाही मी या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या तपासल्या आहेत.

हा 4के संच मिनी एलईडी प्रकारचा आहे, म्हणजे मुळात मागच्या दिव्यांनी उजळणारा एलसीडीच. क्यूएलईडी म्हणून विकले जाणारे बहुतेक संचही एलसीडीच असतात. त्यांत रंग खुलवणारा क्वांटम डॉटचा थर असतो, इतकेच. मिनी एलईडीमध्ये पडद्यामागे अतिशय बारीक दिवे दाटीने बसवलेले असतात आणि ते गटागटाने मंद किंवा प्रखर करता येतात, तर ओएलईडीमध्ये प्रत्येक पिक्सेल, म्हणजे चित्राचा प्रत्येक ठिपका, स्वतःच उजळतो आणि स्वतःच विझतो. अंधाऱ्या खोलीत रात्री चित्रपट पाहणाऱ्याने ओएलईडीच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र दिवसा भरपूर उजेड येणाऱ्या खोलीत आणि बातम्यांच्या वाहिन्या तासन्‌तास सुरू राहणार असतील, तर मिनी एलईडी अधिक सोयीचा ठरतो, कारण त्याची प्रखरता जास्त असते आणि वाहिनीच्या स्थिर चिन्हाची कायमची छाप पडद्यावर उमटण्याची धास्ती राहत नाही.

त्याची मर्यादाही दिसतेच. काळोख्या दृश्यावर पांढरी उपशीर्षके आली की अक्षरांभोवती राखाडी धुक्यासारखे वलय पसरते आणि अक्षरे गेली की तेही विरते, कारण अक्षरांपुरता एखादा दिवा लावता येत नाही, पूर्ण गट उजळावा लागतो. समोर बसल्यावर हे वलय पुसट असते. बाजूच्या खुर्चीवरून मात्र ते ठळक दिसते आणि रंगही थोडे फिके पडतात. त्यामुळे दुकानात टीव्ही पाहताना दोन पावले बाजूला सरकून पाहावे आणि विक्रेत्याला काळोखे दृश्य लावायला सांगावे. तिथे एरवी दाखवली जाणारी फुले, पक्षी आणि कारंजी कोणत्याही पडद्यावर सुंदरच दिसतात, शिवाय दुकानातले सेटिंगही मुद्दाम भडक ठेवलेले असते.

घरी आणल्यावर सर्वांत आधी बदलावे ते हेच सेटिंग. चित्रपट दिग्दर्शकाला अभिप्रेत होता तसा दाखवणारा, 2019 मध्ये जाहीर झालेला ‘फिल्ममेकर मोड’ या संचात आहे आणि तो निवडताच चित्र जरा पिवळसर, सौम्य वाटते; डोळा सरावला की आधीचाच निळसर झगमगाट खटकू लागतो. या मोडमध्ये हालचाल गुळगुळीत करणारी प्रक्रियाही बंद होते, हा मोठा दिलासा आहे, कारण तिच्यामुळे चांगला चित्रपटही दैनंदिन मालिकेसारखा दिसतो. चित्रपट बहुधा सेकंदाला 24 चौकटींनी, म्हणजे 24 स्थिर चित्रांनी, चित्रित होतात; पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो ते हर्ट्झमध्ये सांगतात. 120 ला 24 ने पूर्ण भाग जातो, 60 ला जात नाही. म्हणून 60 हर्ट्झच्या पडद्यावर सहसा एक चौकट दोनदा आणि पुढची तीनदा दाखवली जाते आणि कॅमेरा संथपणे सरकत असताना चित्र किंचित अडखळते. हा पडदा 120 हर्ट्झचा असल्याने तसे होत नाही.

तक्रार आहे ती जोडणीच्या जागांबद्दल. मागे बाहेरची उपकरणे जोडायचे चार एचडीएमआय पोर्ट आहेत, पण 4के चित्र 120 हर्ट्झने स्वीकारणारे दोनच, आणि त्यांतलाच एक साउंडबारला (टीव्हीखाली ठेवायच्या लांबट स्पीकरला) आवाज पोचवणारा ईएआरसी पोर्ट आहे. साउंडबार लावला की दोन गेमिंग कन्सोल असलेल्या घरात एकाला दुय्यम पोर्टवर समाधान मानावे लागते. खोक्यावर ‘एचडीएमआय 2.1’ असे छापलेले असले तरी तेवढ्याने काही सिद्ध होत नाही, कारण त्या मानकातल्या बहुतेक सोयी ऐच्छिक आहेत. कोणता पोर्ट काय करतो हे माहितीपुस्तिकेतच पाहावे लागते. साउंडबार मात्र हवाच. इतक्या पातळ संचातले स्पीकर संवाद जेमतेम ऐकवतात.

8के संचाचा मी विचारही केला नाही. 4केच्या चौपट पिक्सेल असूनही नेहमीच्या अंतरावरून हा फरक डोळ्याला फारसा जाणवत नाही आणि त्या प्रतीचे कार्यक्रमही मोजकेच आहेत. 2017 च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी त्रिमितीय टीव्ही गुंडाळले, तेव्हा ते हौसेने घेतलेल्यांकडे उरले ते नुसते चष्मे.

सॉफ्टवेअर आज चपळ आहे, पण मुखपृष्ठाचा अर्धा भाग जाहिरातींनी व्यापलेला आहे. शिवाय सुरुवातीला घेतल्या जाणाऱ्या संमतींमध्ये, पडद्यावर काय पाहिले जाते ते ओळखून कंपनीला कळवण्याची परवानगीही मिसळलेली आहे. ती नाकारता येते, मात्र त्यासाठी सगळा मजकूर वाचावा लागतो. अ‍ॅप्ससाठी वेगळे स्ट्रीमिंग उपकरण जोडणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण ते जुने झाले तर तेवढेच बदलता येते आणि टीव्हीला इंटरनेट देण्याची गरजच उरत नाही. संचाच्या सॉफ्टवेअरमधील सुधारणांसाठी कंपनीच्या संकेतस्थळावरची फाइल पेन ड्राइव्हवर घेऊन मागच्या यूएसबी पोर्टला लावण्याची सोय यात आहे.