चॅपल हिल की मिशिगन? बाहेरच्या राज्यातून अर्ज करताना

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या चॅपल हिल इथल्या सरकारी विद्यापीठात राज्याबाहेरच्यांसाठी पहिल्या वर्षाच्या जागांवर अनेक वर्षं 18 टक्क्यांची मर्यादा राहिली आहे. मिशिगनच्या अॅन आर्बर इथल्या सरकारी विद्यापीठात अशी मर्यादा नाही. तिथे पदवीचे जवळपास निम्मे विद्यार्थी बाहेरचे.

गल्लत होते ती एकूण प्रवेशदर पाहून. चॅपल हिलचा एकूण दर अलीकडे 15 ते 19 टक्क्यांच्या आसपास दिसतो, पण राज्यातल्या मुलांना वगळलं की तो 10च्या खाली येतो. म्हणून कॉमन डेटा सेट (विद्यापीठ दरवर्षी प्रसिद्ध करतं तो आकडेवारीचा अहवाल) उघडा, त्यातल्या सी१ तक्त्यात राज्याबाहेरच्यांची ओळ शोधा, प्रवेश मिळालेल्यांना अर्जांनी भागा. दोन-तीन वर्षांचे आकडे घ्या.

मिशिगनला संधी बरी, फी मात्र जबर. अर्ली अॅक्शनची (लवकर अर्ज करून लवकर निकाल मिळवण्याची, बंधन नसलेली सोय) मुदत चॅपल हिलला 15 ऑक्टोबर, मिशिगनला 1 नोव्हेंबर.