रेस्क्यू उत्तम, उंचीचा भरवसा मात्र बेताचाच

रेडिओ-नियंत्रित हेलिकॉप्टर उलटे उडवायला शिकणाऱ्याला रेस्क्यूचा स्विच हा मोठा आधार असतो. दिशेचे भान सुटले की स्विच ओढायचा. फ्लायबारलेस कंट्रोलर (यानाचा तोल राखणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण) जायरो (फिरण्याचा वेग मोजणारा) आणि अ‍ॅक्सेलेरोमीटर (त्वरण मोजणारा) या संवेदकांच्या आधारे यान सपाट करतो आणि कलेक्टिव्ह पिच देऊन, म्हणजे मुख्य रोटरच्या सर्व पात्यांचा कोन एकदम वाढवून, ते वर उचलतो. गेले काही महिने मी ७०० वर्गाच्या (सुमारे ७०० मिलिमीटर लांब पात्यांच्या) हेलिकॉप्टरवर जो कंट्रोलर वापरत आहे, त्यात याच्या जोडीला वायुदाबावरून उंची ओळखणारा संवेदक आहे. आपण ठरवलेल्या उंचीखाली यान आले की रेस्क्यू आपोआप सुरू व्हावे, असा त्याचा हेतू. उत्पादनाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे नोंदवलेल्या चुकांपैकी बहुतेकांचे मूळ या एका कंपनीत नसून वायुदाबाने उंची मोजण्याच्या पद्धतीतच आहे.

स्विचने बोलावलेल्या रेस्क्यूबद्दल तक्रारीला जागा नाही. यान कोणत्याही स्थितीत असो, ते झटक्यात सावरते, आणि ‘सरळ कर’ किंवा ‘जवळच्या बाजूने सपाट कर’ (उलटे असल्यास उलटेच) हे दोन्ही पर्याय चोख चालतात. घोटाळा झाला तो आपोआप चालणाऱ्या भागात. मर्यादा आठ मीटरांवर ठेवलेली असताना आणि यान चांगले वीसेक मीटर उंचीवरून वेगात जात असताना रेस्क्यूने दोनदा मध्येच ताबा घेतला. माहितीपुस्तिकेत यावर एकच उपाय दिला आहे: संवेदक पुन्हा कॅलिब्रेट करा. तो मी इमानेइतबारे चार वेळा केला आणि चारही वेळा काही फरक पडला नाही.

खरे कारण हिशेब मांडल्यावर कळले. जमिनीजवळ उंची एक मीटरने वाढली की हवेचा दाब सुमारे १२ पास्कलने घटतो. याउलट ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने समोरून येणारी हवा एखाद्या पोकळीत अडली, तर तिथला दाब सुमारे २४० पास्कलने वाढू शकतो. संवेदकाच्या भाषेत ही तब्बल वीस मीटरांची घसरण होते. माझ्या यानाच्या कॅनॉपीला (धडावरच्या आवरणाला) पुढे हवेसाठी झरोका आहे आणि कंट्रोलर नेमका त्याच्या मागे बसवलेला होता. एकाच उंचीवरून वाऱ्याच्या दिशेने आणि वाऱ्याविरुद्ध अशा फेऱ्या मारून लॉग (कंट्रोलरने ठेवलेली उड्डाणाची नोंद) पाहिला, तेव्हा चूक वेगाबरोबर वाढते हे स्पष्ट दिसले. कंट्रोलरची जागा बदलून संवेदकाच्या छिद्रावर सच्छिद्र काळ्या फोमचा तुकडा लावल्यावर बारा-तेरा मीटरांची चूक तीन-चार मीटरांवर आली. फोम काळा निवडण्याचे कारण असे की काही संवेदक थेट उन्हानेही बिचकतात. मात्र छिद्र हवाबंद करू नये. आत अडकलेली हवा तापली की तीच नवी चूक होऊन बसते.

रोटरचा परिणाम याहून गमतीशीर आहे. सुमारे पाच किलो वजनाचे आणि १.६ मीटर व्यासाच्या रोटरचे यान स्थिर तरंगत असताना रोटरच्या वर आणि खाली मिळून दाबात सुमारे २५ पास्कलचा फरक असतो. यान सरळ असताना त्याचे धड रोटरखालच्या वाढलेल्या दाबात असते, म्हणून उंची मीटर-दीड मीटर कमी दिसते. जमिनीवरून उठताना आकडा उणे होतो तो यामुळेच. यान उलटे असताना धड रोटरच्या वर, खेचल्या जाणाऱ्या हवेत येते आणि उंची आहे त्यापेक्षा किंचित जास्त दिसते. म्हणजे जमिनीलगत उलटे तरंगताना, जेव्हा मदतीची गरज सर्वाधिक असते, तेव्हाच संवेदक निर्धास्त असतो! शिवाय रेस्क्यूने एकदम पिच दिल्यावर रोटरचा जोर क्षणभर सहापट झाला, तर यान चढत असूनही आकडा काही मीटर खाली जातो. माझ्या लॉगमध्ये हा खड्डा प्रत्येक रेस्क्यूच्या आरंभी दिसतो. कंट्रोलर पहिल्या क्षणी या आकड्याकडे दुर्लक्ष करून केवळ अ‍ॅक्सेलेरोमीटरवर विसंबतो की नाही, हे पुस्तिकेने सांगायला हवे होते.

दोष नेमका कुठला हे ठरवण्यासाठी मला उपयोगी पडलेली चाचणी सोपी आहे. मोटर बंद ठेवून यान हातांनी एक मीटर उचलावे. आकडा तेवढाच बदलला तर संवेदक शाबूत आहे. नंतर मुख्य आणि शेपटीची पाती काढून मोटर नेहमीच्या वेगाने फिरवावी. पाती नसल्याने रोटरचा वारा नसतो; तरीही उंची भटकत असेल तर संशय कंपनांवर किंवा वीजपुरवठ्यावर घ्यावा. माझ्या यानात शेपटीच्या शाफ्टचे एक बेअरिंग खराब निघाले. कंपनांनी अ‍ॅक्सेलेरोमीटर बहकला की उंचीच काय, क्षितिजाचा अंदाजही चुकतो आणि मग स्विचचे रेस्क्यूही तिरके जाते, त्यामुळे ही दुरुस्ती सर्वांत आधी करावी.

तापमानाचा वाटा लहान आहे, पण नगण्य नाही. सर्रास वापरल्या जाणाऱ्या बीएमपी२८० या संवेदकाच्या माहितीपत्रकात एका अंशाला सुमारे साडेबारा सेंटिमीटर इतका उंचीचा फरक दिलेला आहे. बॅटरी जोडून दोन-तीन मिनिटे थांबावे आणि उंचीचा शून्य त्यानंतर, टेबलावर नव्हे तर जमिनीवर, घ्यावा.

या कंट्रोलरचा लॉग तपशीलवार आणि वाचायला सोपा आहे. इतके सगळे उलगडले ते त्याच्याच जोरावर. स्विचच्या रेस्क्यूसाठी तो जरूर घ्यावा, मात्र उंचीच्या सोयीसाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत. मी आपोआप सुरू होणारी मर्यादा बंद केली आहे आणि उंची फक्त लॉगमध्ये नोंदली जाते. पुढच्या फर्मवेअरमध्ये (कंट्रोलरच्या आतील सॉफ्टवेअरमध्ये) संवेदकाचा मूळ दाब थेट ट्रान्समीटरच्या पडद्यावर दिसण्याची सोय झाली, तर ती मर्यादा पुन्हा चालू करून पाहीन, आणि तीही बारा मीटरांच्या वरच.