'४० टन कार्बन'च्या नावाखाली काचेचा रॉड गळ्यात मारला, बासचा कॉम्बो घेणाऱ्यांनी वाचा

बास हा मासा गळाने पकडायला रॉड (गळाची काठी), रील (लाइन गुंडाळायची चरखी) आणि लाइन (दोरा) असा अख्खा कॉम्बो ऑनलाइन घ्यायच्या विचारात असाल तर पैसे भरायच्या आधी हे वाचा. थोडं लांबलंय. विक्रेत्याचं नाव देत नाहीये, देऊन उपयोगही नाही, ही मंडळी नावं बदलत राहतात, पद्धत मात्र तीच असते.

जाहिरातीत काय होतं ते आधी सांगतो. सात फुटी बेटकास्टिंग रॉड (रील वरच्या बाजूला बसतो तो), मीडियम हेवी पॉवर (बऱ्यापैकी ताठ), फास्ट ॲक्शन (टोकाकडेच वाकणारा), '४० टन कार्बन'. त्यावर लो प्रोफाइल रील, गियर रेशो ७.२:१, बेअरिंग १२+१, ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा लाइन सोडणारा ब्रेक) १० किलो. सोबत १५ पाउंडची '१००% फ्लोरोकार्बन' आणि ३० पाउंडची आठ पदरी ब्रेड (विणलेली लाइन). ज्याला बासचं थोडंफार कळतं त्याला हे वाचूनच बरं वाटेल, कारण जिग आणि टेक्सास रिगसाठी (तळाशी खेळवायची ल्यूर, म्हणजे नकली आमिषं) जाणकार लोक जे सांगतात ते साधारण हेच. म्हणजे लिहिणाऱ्याला विषय पक्का माहीत होता आणि हेच मला सगळ्यात जास्त खटकतं. अडाणी फसव्या दोन वाक्यांत ओळखू येतो, हा तसला नव्हता. किंमतसुद्धा संशय येण्याइतकी कमी ठेवली नव्हती. मेसेज टाकला की लगेच उत्तर, 'सर फास्ट म्हणजे फास्टच, टिपच वाकेल, बघा व्हिडिओ पाठवतो', आणि खरंच व्हिडिओ आला, त्यात रॉड झकास वाकत होता, वरचा एक तृतीयांश भाग वाकतोय आणि खाली ताठ, फास्ट रॉड वाकायला पाहिजे तसाच.

व्हिडिओतला रॉड वेगळा होता हे नंतर कळलं, गाइड म्हणजे लाइन ओवायच्या कड्या मोजल्यावर. व्हिडिओत टिप धरून दहा गाइड दिसतात, माझ्याकडे आलेल्या रॉडला सात. सात फुटी कास्टिंग रॉडला टिप सोडून साधारण आठ-नऊ गाइड असतात, त्याहून कमी असले की लोड आल्यावर लाइन ब्लँकला, म्हणजे रॉडच्या मूळ दांड्याला, घासायला लागते. फोटोतले गाइड मोजा आणि पार्सल उघडताना परत मोजा, आणि उघडतानाचा व्हिडिओ करा, मी केला होता म्हणून पुढे भांडता आलं.

आता रॉडचं. बाहेरून दिसायला अप्रतिम, चकचकीत, कार्बनची वीण दिसते त्या नक्षीचा. जिग टाकून एक हुकसेट (गळ रुतवायचा झटका) मारला आणि रॉड मध्याच्या खाली, हँडलच्या थोडा वर, कटकन तुटला. मासा कुठला, बुडालेलं लाकूड होतं ते, पण मीडियम हेवी रॉड बनतोच अशा हुकसेटसाठी. तुटलेलं टोक बघितलं तर आत पांढरे तंतू, झाडूसारखे फिसकारलेले, आणि ती वीण म्हणजे वरून गुंडाळलेली छापील फिल्म. कार्बन फायबर काळा असतो, काचेचा तंतू पांढरा. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे, की बऱ्याच चांगल्या ग्राफाइट (म्हणजे कार्बनच्या) रॉडमध्ये सुद्धा आतल्या बाजूला काचेचा पातळ थर असतो, त्यामुळे थोडं पांढरं दिसलं म्हणून लगेच बोंब मारू नका. पण माझ्या तुकड्यात काळं काही नव्हतंच. ज्याला न मोडता बघायचंय त्याने बटच्या, म्हणजे हँडलच्या मागच्या, टोकाची कॅप निघत असेल तर काढून ब्लँकची कड पॉलिश पेपरने किंचित घासावी, कार्बनची पूड काळपट पडते, काचेची पांढरी.

आणि काच वाईट असं अजिबात नाही हं. क्रँकबेट (ओढलं की डुबकी मारणारं ल्यूर) वापरणारे लोक मुद्दाम ग्लासचा रॉड शोधून घेतात, कारण तो सावकाश वाकतो, बास ल्यूर नीट तोंडात घेईपर्यंत ओढून काढत नाही आणि तीन टोकांचे ट्रेबल हुक फाटून निघत नाहीत. ग्लास म्हणून विकला असता तर कदाचित मी क्रँकसाठी आनंदाने वापरला असता. पण जिगला तळाची टकटक हातात आली पाहिजे, हुकसेटला ताठपणा पाहिजे, तिथे हा जड मऊ दांडा काय कामाचा.

या टनांच्या आकड्याबद्दल पण जरा समजून घ्या, कारण सगळी जादू त्यातच आहे. २४ टन, ३० टन, ४० टन हे तंतूच्या मॉड्युलसचे आकडे, म्हणजे तो किती ताठ आहे. किती मजबूत आहे हे त्यातून कळत नाही. उलट मॉड्युलस जास्त तसा तंतू सहसा ठिसूळ होत जातो, म्हणून महागडे हलके रॉड बोटीच्या कडेला आपटले की पुढच्या कास्टला तुटतात. आयएम६, आयएम७, आयएम८ पण असंच, ही मुळात हेक्सेल कंपनीच्या फायबरची नावं, रॉडच्या धंद्यात त्यांना कसलाही सर्वमान्य दर्जा नाही, कुणीही छापतं. आणि ब्लँकमध्ये त्या फायबरचा एक पट्टा टाकला की किती हे कोण सांगणार.

रीलचा तर मी घरी बसून पंचनामाच केला. गियर रेशो तपासायला काही लागत नाही, स्पूलवर छोटी चिकटपट्टी लावा, हँडल हळू बरोबर एक फेरा फिरवा आणि स्पूलचे फेरे मोजा. ७.२ लिहिलं होतं, पाचपेक्षा थोडे जास्त भरले. कुणाला वाटेल दोनाने काय फरक पडतो, तर हिशोब करून बघा, भरलेल्या स्पूलचा व्यास ३२ मिलीमीटर धरला तर एका फेऱ्याला साधारण १० सेंटिमीटर लाइन, म्हणजे ७.२ ला हँडलच्या एका फेऱ्यात ७२ सेंटिमीटर आणि ५.३ ला फक्त ५३. बासने जिग उचलून तुमच्याच दिशेने पळ काढला की तेवढ्या ढिल्या लाइनमध्ये मासा गेला समजा. खोल क्रँकसाठी पाचचा रेशो चांगलाच, ताकद मिळते, पण मग तसं लिहा ना बाबा.

१२+१ बेअरिंगपैकी उघडल्यावर खरी बॉल बेअरिंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, बाकी प्लॅस्टिकचे बुश. तसं बघायला गेलं तर बेअरिंगच्या आकड्याला मी आता काडीची किंमत देत नाही, स्पूलची दोन चांगली असली तरी कास्ट सुंदर जाते आणि हँडलच्या नॉबमध्ये चार घातली तरी फक्त आकडा वाढतो. त्या '+१'चा अर्थ मात्र बघा, ते अँटी रिव्हर्सचं एकाच दिशेला फिरणारं रोलर बेअरिंग, हँडल मागे फिरवून बघायचं, जरासुद्धा खेळ नको. माझ्या रीलचं हँडल इतकं मागे यायचं की हुकसेटची अर्धी ताकद तिथेच जायची. मॅग्नेटिक ब्रेकचा डायल ० ते १०, कुठेही ठेवा, स्पूल सारखाच सुटतो, परिणाम म्हणजे प्रत्येक दुसऱ्या कास्टला बॅकलॅशचा गुंता. विक्रेत्याचं उत्तर होतं, 'सर बेटकास्टरला अंगठ्याची प्रॅक्टिस लागते'. लागतेच, कोण नाही म्हणतंय, पण डायल फिरवून काहीच बदलत नसेल तर अंगठा काय करणार.

ड्रॅग सामान तोलायच्या हुकवाल्या काट्यावर तपासला. काटा लाइनला बांधून दुसऱ्याला सावकाश ओढायला सांगायचं, पूर्ण घट्ट करून १० किलो कुठले, तीनच्या आसपासच सुटायला लागला आणि तोही झटके देत देत. आता खरं सांगायचं तर बासला १० किलो लागतच नाहीत. लार्जमाउथ बासचा जागतिक विक्रमच मुळी २२ पाउंड ४ औंस आहे, म्हणजे जेमतेम १० किलो, १९३२ साली जॉर्जियात जॉर्ज पेरीने पकडलेला आणि २००९ मध्ये जपानच्या बिवा तलावात मानाबू कुरिताने त्याची बरोबरी केलेला. ड्रॅग साधारण लाइनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवतात, १५ पाउंड लाइनला म्हणजे १.७ ते सव्वादोन किलो. (गवतातून बेडकाच्या आकाराचं ल्यूर ओढणारे जाड ब्रेडवर ड्रॅग आवळूनच टाकतात, ते सोडा.) म्हणून मोठा आकडा बघून भुलण्यापेक्षा ड्रॅग गुळगुळीत सुटतो का ते बघा, झटका बसला की गाठ तुटते.

लाइनचं प्रकरण सगळ्यात बेरकी आहे, कारण रॉड तुटतो आणि रील अडखळतो, लाइन मात्र काही बोलत नाही आणि आपल्याला मासे का लागत नाहीत हे कधी कळतच नाही. मला संशय आला तो लाइन फार चांगली वागत होती म्हणून. १५ पाउंडची फ्लोरो नवीन असताना स्पूलवरून उसळ्या मारते, कडक असते, ही आपली मऊसूत, गुंडाळाल तशी गुंडाळणारी.

यावर एक साधी परीक्षा आहे, प्रत्येकाने करावी. फ्लोरोकार्बनची घनता १.७८ च्या आसपास, नायलॉन मोनोची (साध्या एकपदरी लाइनची) १.१४, पाण्याची १. साध्या पाण्यात दोन्ही बुडतात, नायलॉन हळू एवढंच, त्यामुळे तिथे फसायला होतं. पण ग्लासभर पाण्यात मीठ विरघळायचं थांबेपर्यंत टाकत राहिलं की त्या पाण्याची घनता १.२ च्या जवळ जाते. आता लाइनचे बोटभर तुकडे कापून त्यात टाका, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घाला म्हणजे तुकडे पृष्ठभागाला चिकटून तरंगत राहणार नाहीत, आणि काडीने खाली दाबून सोडा. फ्लोरो तळाला जाते, नायलॉन वर येतं. माझे सगळे तुकडे वर आले. मग स्पूलच्या मागचं लेबल भिंगाखाली वाचलं तर मुंगीच्या अक्षरात 'फ्लोरोकार्बन कोटेड' लिहिलेलं, म्हणजे नायलॉनला वरून मुलामा. पुढे '१००%' आणि मागे हे. नायलॉन पाणी पितं, ओलं झालं की त्याची ताकद कमी होते, फ्लोरो पाणी जवळजवळ पीतच नाही, म्हणजे नुसता नावाचा प्रश्न नाही हा. आणि परत तेच, मोनो वाईट नाही, टॉपवॉटरला (पाण्याच्या पृष्ठभागावर खेळवायच्या ल्यूरला) तर फ्लोरो बुडते म्हणून मोनो किंवा ब्रेडच बरी.

आठ पदरी ब्रेडचं टोक सुईने सोडवलं, चारच पदर निघाले. जाडीही लेबलपेक्षा जास्त. ब्रेड कॅलिपरमध्ये चेपली जाते म्हणून थेट मोजू नका, पेन्सिलवर वीस वेढे एकमेकाला चिकटून गुंडाळा, एकूण रुंदी मोजा आणि वीसने भागा. चांगली ३० पाउंड ब्रेड ०.२८ मिलीमीटरच्या आसपास असते, साधारण ८ पाउंड मोनोइतकी. पाण्यातही टाकून बघा, पीई (ब्रेडचा पॉलिएथिलीन धागा) तरंगते. मुद्दाम बुडणारी ब्रेड मिळते पण तसं त्यावर लिहिलेलं असतं. रंग जातो म्हणून मात्र भांडू नका, तो चांगल्या ब्रेडचाही जातो.

आता पैसे परत मागायचा तमाशा, आणि हा भाग नीट वाचा. पहिल्यांदा उत्तर आलं की सर तुम्ही हाय स्टिकिंग केलंत, म्हणजे मासा उचलताना रॉड उभा धरलात म्हणून मोडला. ऐकायला पटतं, कारण तसे रॉड खरोखर मोडतात, पण ते टिपच्या बाजूला, हँडलजवळ नाही. तुकड्याचा फोटो पाठवल्यावर तो मुद्दा बंद आणि प्रेमळपणा सुरू, 'तुम्ही जुने कस्टमर आहात' (नव्हतो), थोडे पैसे परत देतो, तक्रार तेवढी बंद करा. मी नाही म्हटलं की रक्कम थोडी वाढवायची, मग दोन दिवस गप्प, मग 'गोडाऊनला विचारतो', मग परत थोडी वाढ. हे सगळं कशासाठी, तर साइटवर तक्रार करायची मुदत संपावी म्हणून. ती संपली की हा माणूस तुम्हाला ओळखही दाखवणार नाही. आणि एकदा तक्रार स्वतः बंद केली की बऱ्याच ठिकाणी ती परत उघडता येत नाही. म्हणून बोलणी चालू ठेवा पण तक्रार बंद करू नका, आणि सगळं बोलणं साइटच्याच चॅटवर, तो फोनवर बोलायचा फार आग्रह करेल.

रिव्ह्यूंचं काय म्हणाल तर होते ना, भरपूर होते, फोटोसकट. नंतर बसून परत बघितले, एकाही फोटोत पाणी नाही, मासा नाही, रॉडचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही, सगळे 'पॅकिंग मस्त, डिलिव्हरी फास्ट'. आजन्म वॉरंटीचं कार्ड पण आलं होतं, त्यावर पत्ताच नव्हता.

नवीन माणसाने काय घ्यावं असं विचाराल तर माझं मत कॉम्बोच्या नादी लागू नका. मीडियम पॉवर फास्ट ॲक्शन स्पिनिंग रॉड, २५०० किंवा ३००० साइझचा रील, १० ते १५ पाउंड ब्रेड आणि पुढे फ्लोरोचा लीडर (टोकाला जोडायचा तुकडा), एवढ्यावर बासचं बरंच काही होतं, बेटकास्टर नंतर. लाइन आणि लीडर मात्र ओळखीच्या ब्रँडचे आणि त्यांच्या अधिकृत विक्रेत्याकडून, आणि ती मिठाच्या पाण्याची परीक्षा लाइन स्पूलवर भरायच्या आधी करा, नंतर नाही, कारण उघडलेली लाइन परत घेत नाहीत.

माझं काय झालं तर रॉड आणि रीलचे पैसे साइटने परत दिले, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ, गाइडची संख्या आणि तुटलेल्या टोकाचा फोटो यावर. लाइनचे बुडाले. विक्रेत्याचं ते खातं बंद झालं आणि लगेच दुसऱ्या नावाने तोच कॉम्बो परत आलाय, फोटो तेच, व्हिडिओ तोच दहा गाइडवाला, फक्त ४० टनचं आता ४६ टन झालंय.