ठोके मोजणारं घड्याळ आणि माझी धडधड: अडीच वर्षांच्या वापरानंतर

बॅटरी किती दिवस टिकते, स्क्रीन उन्हात दिसते का, असलं काही हवं असेल तर दुसरे रिव्ह्यू वाचा. बॅटरी टिकते, स्क्रीन दिसते. मी हे घड्याळ एकाच कामासाठी घेतलं होतं. आत्ता या क्षणी मी मरत नाहीये ना, हे बघायला. त्या कामासाठी पाचपैकी अडीच तारे. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण दोषातला बराच वाटा माझा आहे आणि दुसऱ्या कंपनीचं घेतलं असतं तरी हेच झालं असतं.

मी अकाउंट्समध्ये आहे. आकडा जुळला की मला झोप लागते. वर्षअखेरच्या गडबडीत एकदा ऑफिसच्या लिफ्टमध्ये छातीत धस्स झालं आणि धडधड सुरू झाली ती थांबेचना. तळहातांना मुंग्या, ओठ बधिर, घशाला कोरड, दरदरून घाम. शेजारी उभी असलेली माणसं काचेपलीकडे असल्यासारखी लांब गेली. "मला काहीतरी होतंय," एवढंच तोंडातून निघालं. हॉस्पिटलमध्ये ईसीजी नॉर्मल, रक्त नॉर्मल, थायरॉईड नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "काही नाही, पॅनिक अटॅक आहे." काही नाही आणि आहे, दोन्ही एकाच वाक्यात. आमच्या खात्यात अशी नोंद चालत नाही.

चौथ्या रात्री दुसरा आला, गाढ झोपेत. झोपेतही येतो हे तोवर माहीत नव्हतं. दचकून उठले तर काळीज कानात वाजत होतं. त्याच आठवड्यात घड्याळ मागवलं.

पहिले दोन महिने ते खरंच देवासारखं वाटलं, आणि त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं. माझी मोठी तक्रार असायची की श्वास पुरत नाही. घुसमट व्हायची, मी खिडकी उघडायचे, तोंड उघडून हपापल्यासारखा श्वास घ्यायचे. एकदा तशा अवस्थेत घड्याळावर ऑक्सिजन मोजला. 98. पुन्हा मोजला, 99. मी जीव गुदमरून मरत होते आणि रक्तात ऑक्सिजन काठोकाठ भरलेला होता! नंतर समजलं ते असं: अटॅकमध्ये आपण गरजेपेक्षा जास्त श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड खाली जातो, त्यामुळे मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात, आणि म्हणून गरगरतं; कार्बन डायऑक्साइड उतरल्यानेच बोटांना आणि ओठांना मुंग्याही येतात. श्वास कमी पडतोय असं वाटतं तेव्हा तो उलट जास्त झालेला असतो. हे कुणी तोंडी सांगितलं असतं तर मी मान डोलावून सोडून दिलं असतं. आकडा दिसला म्हणून पटलं. दीड तारा या एका गोष्टीला.

आता बाकीचं.

घड्याळाच्या पाठीवर हिरवे दिवे असतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोका पडला की मनगटात रक्त वाढतं, परत येणारा प्रकाश कमी होतो, त्यावरून ते मोजतं. शांत बसलेल्या माणसाच्या हातावर ठोके बऱ्यापैकी बरोबर येतात. मी बोटाने नाडी धरून साठ सेकंद मोजून ताडून बघितलंय, दोन-तीनचा फरक. पण पट्टा सैल असला, हात हलत असला किंवा गार पडला असला की गडबड होते. आणि अटॅकमध्ये काय होतं? हात थरथरतात आणि गार पडतात. म्हणजे ज्या घटकेसाठी घेतलं, त्याच घटकेला ते हमखास गडबडतं. एका रात्री मी पलंगाच्या कडेला बसून मनगट डोळ्यांसमोर धरलं, तर आकड्याच्या जागी दोन आडव्या रेघा. नुसत्या दोन रेघा. नाडी सापडत नाही एवढाच त्याचा अर्थ. मी काय अर्थ लावला असेल ते सांगायला नको. नवऱ्याला हाक मारून म्हटलं, "माझं हृदय बंद पडलंय." तो अर्धवट झोपेत म्हणाला, "मग बोलतेस कशी?" त्या वेळी राग आला होता.

सूचनेची सोय ही या यंत्राची सर्वात वाईट गोष्ट, निदान आमच्यासारख्यांसाठी. बसल्या जागी ठोके ठरावीक आकड्यावर गेले की मनगटावर थरथर होते. मी आकडा 110 ठेवला होता. एकदा मीटिंगमध्ये मस्त बोलत होते, रंगात आले होते, आणि घड्याळ थरथरलं. तोवर मला काहीही होत नव्हतं. आकडा बघितला, 113. पुढच्या मिनिटाला 126 आणि मी बाथरूममध्ये. अटॅक माझा होता की घड्याळाने आणलेला, हे मी बरेच दिवस स्वतःलाच विचारत होते.

याचं उत्तर समुपदेशक मॅडमनी दिलं. त्यांनी कागदावर एक गोल काढला: शरीरात काहीतरी जाणवतं, आपण त्याचा भयंकर अर्थ लावतो, भीती वाढते, भीतीने ठोके वाढतात, की पुन्हा अर्थ लावायला नवा माल तयार. हा गोल डेव्हिड क्लार्क नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी 1986 मध्ये मांडला. मग मॅडमनी एका प्रयोगाबद्दल सांगितलं, तो मला माझ्यासाठीच केल्यासारखा वाटला. 1988 मध्ये अँके एलर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅनिकच्या रुग्णांना त्यांच्या हृदयाचे ठोके ऐकवले आणि मध्येच, ठोके एकदम वाढल्याचं खोटंच ऐकवलं. ज्या रुग्णांना ते खरं वाटलं त्यांची भीती वाढली आणि खरे ठोकेही वाढले. मॅडम माझ्या मनगटाकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही हा प्रयोग स्वतःवर दिवसातून किती वेळा करता?"

मला आकडा माहीत नव्हता. आठवडाभर चार उभ्या रेघा आणि एक आडवी, अशी नोंद ठेवली. सरासरी दिवसाला 64. रविवारी 91, कारण रविवारी काम नसतं. ज्या पोरीला मी एरवी मोबाइलवरून ओरडते ती मला सांगत होती, "आई, तू परत बघितलंस."

बघितल्यावर बरं वाटायचं, हीच तर अडचण. दहा-पंधरा सेकंद बरं वाटायचं, मग वाटायचं, तेव्हा ठीक होतं, पण आत्ता? शिवाय अटॅक ओसरला की मनात नोंद व्हायची ती अशी, की घड्याळ होतं म्हणून वाचले. अटॅक तसाही काही मिनिटांत शिगेला पोचतो आणि आपला आपण उतरतो, पण श्रेय दरवेळी घड्याळाच्या खात्यावर जमा होत होतं. पर्समधल्या गोळीचंही तसंच. एक गोळी मी आठ महिने पर्समध्ये घेऊन फिरले, कधी घेतली नाही, पण ती घरी राहिली तर अर्ध्या रस्त्यातून परत यायचे. पाकिटावरची अक्षरं पुसली गेली होती.

मॅडमनी घड्याळ लगेच काढायला लावलं नाही, आधी त्याचा एक चांगला उपयोग करून घेतला. आकडा बघायच्या आधी अंदाज लिहायचा. एका अटॅकमध्ये मी लिहिलं 170, घड्याळात 118. दुसऱ्यात 160, निघाले 109. मग त्यांनी मला त्यांच्या खोलीतच एक मिनिट जागच्या जागी धावायला लावलं. 137. मी धापा टाकत हसत होते. 118 ला मी मृत्युपत्राचा विचार करत होते आणि 137 ला हसत होते, कारण या वेळी ठोके का वाढलेत ते मला ठाऊक होतं. दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिलेलं ते पान मी अजून जपून ठेवलंय. अर्धा तारा त्या पानाचा.

त्यानंतरचे व्यायाम घड्याळ काढून. फिरत्या खुर्चीत गरगर फिरायचं. बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायचा, नाक चिमटीत धरून. मुद्दाम भराभर श्वास घेऊन मुंग्या आणायच्या. ज्या गोष्टींना घाबरतो त्या आपल्या हाताने घडवून आणायच्या आणि काही न करता बसून राहायचं. स्ट्रॉचा व्यायाम मला आजही आवडत नाही. पहिल्यांदा चौदा सेकंदांत स्ट्रॉ फेकून दिली आणि मॅडमना न शोभेल असं काहीतरी बोलले. त्यांनी शांतपणे दुसरी स्ट्रॉ पुढे केली. (हे सगळं तपासण्या झाल्यावर आणि माणसाच्या देखरेखीखाली केलं, नुसतं वाचून केलं नाही.) सोबत डॉक्टरांनी सर्ट्रालीन हे नैराश्यावर आणि पॅनिकवर देतात ते औषध सुरू केलं होतं. सुरुवातीला बेचैनी वाढू शकते, परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. सांगितलं होतं तसंच झालं.

घड्याळातल्या बाकीच्या सोयी भरभर सांगते. ईसीजीची सोय आहे, पण ती ठोक्यांची लय बघते. हार्ट अटॅक ओळखत नाही, तसं कंपनीनेही बारीक अक्षरात लिहिलंय. तेव्हा छातीत पहिल्यांदाच दुखत असेल, किंवा नेहमीपेक्षा वेगळं काही होत असेल, तर मनगटाकडे बघत बसू नका, दवाखाना गाठा. ताणाचा एक आकडा दाखवतं, 0 ते 100. माझा 81 यायचा. ताण आहे हे कळायला मला घड्याळ लागत नाही. श्वासाची सोय मात्र चांगली आहे: स्क्रीन न बघता, नुसत्या थरथरीवर चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर. बाहेर सोडायचा श्वास लांबवला की ठोके हळूहळू उतरतात. मी ते रोज संध्याकाळी करायचे, अटॅक पळवून लावायला नाही. त्यासाठी करायला लागलं की तीही दुसरी पर्समधली गोळीच, असं मॅडमचं म्हणणं, आणि मला ते पटलंय. उरलेला अर्धा तारा या थरथरीला.

एक खरी तक्रार कंपनीची. मी सूचना बंद केल्या होत्या. सॉफ्टवेअर अपडेट आलं आणि त्या गुपचूप परत सुरू झाल्या, 100 च्या आकड्यावर. पहाटे तीनला मनगट थरथरलं. ग्राहक सेवेला सविस्तर लिहिलं, पॅनिकसकट सगळं. उत्तर आलं, पट्टा नीट आवळून बांधा.

घ्यावं का? अटॅक येत असतील आणि तुम्ही माझ्यासारखे आकड्यांवर जगणारे असाल, तर कुणाचं तरी चार दिवसांसाठी मागून घ्या. अटॅकमध्ये ऑक्सिजन एकदा बघा, ठोक्यांचा अंदाज दोन-तीनदा लिहून ताडून बघा, आणि परत करा. विकत घेतलंत तर सूचना पहिल्या दिवशी बंद करा आणि दर अपडेटनंतर तपासा.

माझा शेवटचा अटॅक सात आठवड्यांपूर्वी आला, एका काउंटरच्या रांगेत. पुढे पाच माणसं होती. धस्स झालं, मुंग्या आल्या, मी सवयीने डावं मनगट वर केलं. त्यावर पट्ट्याच्या जागी फिकट कातडी होती, बाकी काही नाही. हात खाली घेतला आणि रांगेत उभी राहिले. पाय कापत होते, ते कापू दिले. मागच्या काकू म्हणाल्या, "पुढे सरका हो," तेव्हा मी सरकले. किती मिनिटं चाललं, ठोके किती होते, काहीच नोंद नाही.

घड्याळ आता लेकीच्या हातावर असतं, ती पळायला जाते. तिची तक्रार एकच, मूळच्या पट्ट्याने मनगटाला पुरळ येतं. कापडी लावून घ्या.