लांब तोंडाच्या कुत्र्यासाठी रबरी मुसके : आठ महिन्यांच्या वापरानंतर

हे परीक्षण कुत्र्याच्या तोंडाला घालायच्या रबरी जाळीच्या मुसक्याचे आहे. ज्यांच्या घरात कुत्र्याबरोबर मांजर, कोंबड्या, करडू किंवा ससा आहे आणि ज्यांच्यावर कधी तरी त्या दोघांच्या मध्ये पडायची वेळ आली आहे, त्यांच्यासाठी मी ते लिहीत आहे. अशा घडणीची मुसकी अनेक कंपन्या काढतात, त्यामुळे कंपनीपेक्षा घडणीबद्दल बोललेले अधिक उपयोगी पडेल.

आमचे घर मिरजेजवळ मळ्यात आहे. खंड्या हा चार वर्षांचा, कारवान या शिकारी जातीचा कुत्रा, मनी ही तीन वर्षांची मांजर आणि परसातल्या खुराड्यात सासूबाईंच्या गावठी कोंबड्या, असा आमचा परिवार. मनी दीड महिन्याची असताना घरात आली आणि थंडीत खंड्याच्या पोटाला टेकून झोपत लहानाची मोठी झाली. गेल्या दिवाळीत, नरकचतुर्दशीच्या पहाटे, शेजारच्या मळ्यात सुतळी बॉम्ब फुटला. ओट्यावर बसलेली मनी दचकून गोठ्याकडे सुटली आणि खंड्याने तिला अर्ध्या अंगणात गाठले. तो भुंकला नाही, गुरगुरला नाही. त्याने तिला पाठीवर धरले आणि दोनदा झटकले. यजमानांनी मध्ये हात घातला तेव्हा त्यांच्या अंगठ्यात दात रुतला. शेवटी सासूबाईंनी आंघोळीसाठी विसणून ठेवलेल्या पाण्याची बादली त्याच्या तोंडावर ओतली, तेव्हा कुठे त्याने पकड सोडली.

मनीच्या पाठीवर मिऱ्याएवढी चार भोके होती आणि रक्त जवळजवळ नव्हते. मी तिला हळद लावून टोपलीत झोपवणार होते, हे आज आठवले तरी अंगावर काटा येतो. दवाखान्यात डॉक्टरांनी तिची पाठ भादरली तेव्हा तळहाताएवढा भाग काळानिळा पडलेला दिसला आणि कातडी चिमटीत धरताच खालच्या मांसापासून सुटी होऊन वर आली. दात आत रुतलेले असताना जनावर झटकले गेले की कातडी ताण खाऊन शाबूत राहते, पण खालचे स्नायू फाटतात, आणि कुत्र्याच्या तोंडातले जंतू त्या पोकळीत कोंडले जातात, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले. त्यांनी जखम मुद्दाम मोठी करून धुतली, पाणी निचरावे म्हणून आत रबराची मऊ नळी ठेवली आणि फासळ्या व फुप्फुसे पाहण्यासाठी एक्स-रे काढला. दुखणे थांबावे म्हणून घरातली पॅरासिटामॉल दिली नाही ना, हे त्यांनी दोनदा विचारले, कारण त्या औषधाची एक गोळीदेखील मांजराचा जीव घेऊ शकते. तिला रेबीजची लस पुन्हा टोचली. यजमानांनी अंगठा वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुतला होता. खंड्याच्या सगळ्या लसी वेळेवर झालेल्या असूनही सरकारी रुग्णालयात त्यांना ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी लस घ्यायला लावली, आणि ते योग्यच होते.

घरी आल्यावर सासूबाईंचे म्हणणे एकच होते, की याला आता रक्ताची चटक लागली, हा घरात नको. गावात असेच मानतात आणि त्यामागे त्यांचा अनुभव असतो, म्हणून मी ते उडवून लावणार नाही. परंतु चटक रक्ताची नसते. धावणाऱ्या जिवामागे धावून तो हाती लागला, या यशाची ती असते. नजर रोखणे, दबा धरणे, पाठलाग करणे, पकडणे, झटकून मारणे ही शिकारीची साखळी प्रत्येक कुत्र्यात कमीअधिक असते आणि माणसाने जातीजातीत तिच्या वेगवेगळ्या कड्या घट्ट केल्या आहेत. मेंढ्या वळणाऱ्या कुत्र्यांत पहिल्या कड्या पक्क्या आणि शेवटच्या ढिल्या असतात; कारवान मात्र माळावरच्या सशामागे सोडण्यासाठीच पिढ्यान्‌पिढ्या निवडला गेला आहे. घरात पोटाशी झोपणारी मनी आणि अंगणातून उधळलेली मनी या त्याच्या दृष्टीने त्या क्षणी दोन वेगळ्या वस्तू होत्या. त्याच्या मनात राग नव्हता, आणि म्हणूनच त्याला रागावून काही साध्य होणार नव्हते. विजेचा झटका देणारा पट्टा घ्या, असे एका गृहस्थांनी सुचवले. मनी दिसताच वेदना होते असा धडा खंड्याने त्यातून घेतला असता, तर त्याच्या शिकारीत वैराचीही भर पडली असती, म्हणून मी तो विचार तिथेच सोडला.

घाईघाईत मी पहिले जे मुसके आणले ते कापडी नळीचे होते. ते तोंड मिटून धरते. दुकानात ते स्वस्त, हलके आणि धुण्याजोगे म्हणून पुढे केले गेले. मात्र ते दवाखान्यात इंजेक्शन देण्यापुरते, दोन-चार मिनिटांसाठी असते हे कोणीही सांगितले नाही. कुत्र्याचे अंग मुख्यतः जीभ बाहेर काढून धापा टाकण्यानेच निवते. दुपारी अकराच्या उन्हात विहिरीपर्यंत जाऊन येईतो खंड्याचे डोळे लाल झाले आणि बांधावर त्याने अंग टाकले. मी ते तिथेच कापून काढले. घराबाहेर न्यायच्या कुत्र्याला असले मुसके कोणीही घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरे म्हणजे हे रबरी जाळीचे, साधारण चौदाशे रुपयांचे. मळणीच्या वेळी बैलाच्या तोंडाला मुसके बांधतात, त्याच जातीची ही वस्तू, फक्त दोरीऐवजी जाड मऊ रबर आणि मागे दोन पट्टे. आत तोंड पूर्ण उघडते, जीभ बाहेर येते, पाणी पिता येते, समोरच्या फटीतून खाऊ देता येतो. घडण मनाजोगी आहे. खरी अडचण मापाची आहे. नाकाच्या शेंड्यापासून डोळ्यांखाली बोटभर अंतरापर्यंतची लांबी आणि त्याच जागी तोंडाचा घेर, अशी दोन मापे घ्यायची असतात. खंड्याची लांबी १२ सेंटिमीटर आणि घेर २४. तक्त्यात त्या घेराच्या आकाराची लांबी अवघी ९ सेंटिमीटर होती, कारण हे तक्ते लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्डच्या तोंडावरून आखलेले दिसतात. मुधोळच्या कुत्र्यावर २००५ साली टपाल खात्याने तिकीट काढले. आमच्या भागातले कारवान त्याच घडणीचे, आणि त्यांच्या अरुंद, लांब तोंडाला बसणारे मुसके आज आपल्या बाजारात सहज मिळू नये, याचे मला मनापासून वाईट वाटते.

आम्ही दोन आकार मोठे मुसके मागवले, म्हणजे नाक समोरच्या जाळीला घासत नाही, आणि पत्रकात सांगितल्याप्रमाणे ते कढत पाण्यात बुडवून मऊ केले, दोन्ही बाजूंनी दाबून निमुळते केले आणि गार पाण्यात धरले. तीन वेळा असे केल्यावर ते बसले. तरीही नाकाच्या दांड्यावर घासून केस गेले, तेव्हा आत फलालीनची घडी शिवून टाकली. ज्या कुत्र्याचे डोके मानेइतकेच रुंद असते त्याने कपाळावरून जाणारा तिसरा पट्टा लावल्याशिवाय मुसके घालणे व्यर्थ आहे. खंड्याने पहिल्याच दिवशी पंजाने ते चेंडूसारखे काढून फेकले होते. हा पट्टा काही मुसक्यांबरोबर येतो, काहींबरोबर वेगळा घ्यावा लागतो, म्हणून मागवण्यापूर्वी विचारून घ्यावे.

सवय लावायला आम्हाला बारा दिवस लागले आणि त्यातला एकही दिवस वाया गेला असे मला वाटत नाही. पहिले तीन दिवस मुसके नुसते वाडग्यासारखे धरून त्याच्या तळाशी उकडलेल्या अंड्याचा तुकडा ठेवला. चौथ्या दिवशी खंड्या ते पाहून स्वतःच तोंड घालू लागला. मग पट्टा एका श्वासापुरता लावून सोडायचा, पुढे भाकरी खाऊन होईपर्यंत, पुढे ओट्यावरून फाटकापर्यंत. वर्तनाच्या जाणकार म्हणून घरी येणाऱ्या एका ताईंनी हा क्रम घालून दिला. ‘मुसक्यानंतर नेहमी काही तरी चांगले घडते, असे त्याला वाटले पाहिजे, वहिनी,’ असे त्या म्हणाल्या होत्या. आता मी खुंटीवरून मुसके काढले की तो शेपूट हलवत येतो. पाण्यासाठी उथळ ताटलीऐवजी खोल घमेले ठेवावे, कारण ताटलीत जाळी तळाला टेकते आणि जीभ पोहोचत नाही.

या मुसक्याने जे होत नाही ते विकणाऱ्यांनी वेष्टणावर ठळकपणे छापायला हवे. त्याने दात थांबतात, कुत्रा थांबत नाही. माघ महिन्यात खुराड्याचे दार चुकून उघडे राहिले आणि मुसके घातलेल्या खंड्याने एका तलंगीला पुढच्या पंजाखाली दाबून धरले. तिच्या अंगावर एक ओरखडाही नव्हता, पण ती संध्याकाळपर्यंत उठली नाही आणि रात्री गेली. अठ्ठावीस किलोचे जनावर अंगावर आले तर दातांची गरज उरत नाही. पिलू, ससा किंवा मांजराचे पोर असेल तर मुळीच नाही. शिवाय मुसके घालून कुत्र्याला एकटे ठेवता येत नाही, कारण ते कुंपणात अडकू शकते आणि ओकारी झाली तर जीव धोक्यात येतो. त्यामुळे रात्री आणि आपण घरात नसताना, म्हणजे दिवसाच्या बहुतेक तासांसाठी, ही वस्तू निरुपयोगी आहे. लहान मुलांच्या हाती तर ती सोपवूच नये.

त्या तासांसाठी आम्ही सोप्याच्या आणि माजघराच्या मध्ये गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून जाळीचे दार करून घेतले. साडेपाच फूट उंच, कारण चार फुटांवरून खंड्या उभ्या-उभ्या उडी मारतो, आणि तळाशी मनीपुरती अरुंद चौकट, जिच्यातून मनी जाते आणि खंड्याचे डोकेही जात नाही. खर्च मुसक्याच्या तिप्पट आला, पण घरातल्या शांततेचे तीन हिस्से श्रेय मी त्या दारालाच देईन. मनीचे खाणे आता कपाटावर असते आणि तिथे चढायला भिंतीत दोन फळ्या ठोकल्या आहेत. मांजराला वर जायची वाट असली की ते पळत नाही, आणि ते पळाले नाही की खंड्याच्या अंगातली साखळी सुरूच होत नाही, हे आम्ही रोज पाहतो. सकाळी आणि संध्याकाळी वीस-वीस मिनिटे मुसके, साखळी आणि माझा हात अशा तिन्ही बंदोबस्तांत ती दोघे एका खोलीत असतात. मनी फळीवरून खाली पाहते, खंड्याने तिच्यावरची नजर काढून माझ्याकडे पाहिले की त्याला अंड्याचा तुकडा मिळतो. नजर रोखली जाते त्याच क्षणी त्याला वळवावे लागते. पाय उचलल्यावर हाक मारून उपयोग नसतो.

आठ महिन्यांत रबराला चीर गेलेली नाही, उन्हात ते कडक झाले नाही आणि पावसात भिजल्यावर पुसले की झाले. प्लास्टिकची कडी मात्र पाचव्या महिन्यात तुटली. तिच्या जागी चांभाराकडून पितळी बक्कल बसवून घेतले, ते उत्तम चालते. ज्यांच्याकडे रुंद तोंडाचा कुत्रा आहे त्यांनी तक्त्याप्रमाणे बिनधास्त मागवावे. कारवान, मुधोळ, पश्मी किंवा त्यांच्या संकरातला कुत्रा असेल तर लांबीवरून आकार निवडावा, घेर पाण्यात मऊ करून बसवावा आणि परत घेण्याची मुदत किती दिवसांची आहे ते आधी पाहावे, कारण कढत पाण्यात घातलेले मुसके आमच्या दुकानदाराने परत घेतले नाही. आणि पैसे दोन्हीला पुरत नसतील, तर आधी दार करून घ्यावे.